दुखलं तर तो सांगेल का?

जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या एका आईचं पत्र आलं आहे. त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा फेब्रुवारीत एका रात्री बेंबीजवळ दुखतंय म्हणून उठला. सकाळपर्यंत दुखणं उजव्या कुशीत उतरलं, उलट्या झाल्या, अंग तापलं. वडील द्राक्षाचा माल घेऊन गाडीवर परराज्यात गेलेले, त्यांचा फोन लागेना. आईनं दिराला उठवलं आणि मुलाला मिरजेला नेलं. पोचायला तीन तास लागले. सोनोग्राफीत अपेंडिक्सला, म्हणजे आतड्याला जोडलेल्या छोट्या शेपटीसारख्या पिशवीला, सूज दिसली, पण ते फुटलेलं नव्हतं. सर्जननी दोन वाटा सांगितल्या. एक, दुर्बिणीनं ऑपरेशन करून अपेंडिक्स काढायचं. दुसरी, ॲडमिट करून सलाइनमधून अँटिबायोटिक द्यायचं आणि लक्ष ठेवायचं. आईनं दुसरी वाट निवडली. तीन दिवसांनी मुलगा घरी आला, गोळ्यांचा कोर्स पुरा झाला, आता तो ठणठणीत आहे.

घर मात्र अजून सावरलेलं नाही. सासूबाई म्हणतात, देव पावला, पोराच्या पोटाला सुरी लागली नाही. दुखणं परत उठू नये म्हणून त्यांनी पेरू आणि बोरं बंद केली आहेत. पुण्याचा मामा म्हणतो, पोटात टाइमबॉम्ब ठेवलाय, मे महिन्याच्या सुटीत काढून टाका. वडिलांना मुलाला जूनपासून कोल्हापूरच्या एका तालमीत राहायला पाठवायचं आहे, आणि तिथल्या वस्तादांचं म्हणणं असं की पोटाला टाके पडलेलं पोरगं मातीत टिकत नाही. वर वडिलांचा "तू एकटीनं कसं ठरवलंस?" हा प्रश्न आहेच. त्या विचारतात, "मी घाबरून चुकीचं ठरवलं का? आणि आता काढून टाकावं का?"

प्रिय ताई,

पहाटे तीन तास गाडीत कण्हणारं पोर मांडीवर घेऊन बसलेली आई घाबरणारच. पण घाबरलेल्या माणसानं घेतलेला निर्णय चुकीचाच असतो, हे तुम्ही कशावरून धरलंत? ती वाट तुम्ही कुठून शोधून आणलेली नव्हती. सर्जननी पोट हातानं तपासून, रक्त आणि सोनोग्राफी बघून ती तुमच्यापुढं ठेवली होती. ज्या मुलाला ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही, त्याच्या आईला कुणी जाणता सर्जन अशी निवड देत बसत नाही. तो सही घेतो आणि पोराला आत नेतो.

अमेरिकेतल्या दहा बालरुग्णालयांनी हीच निवड सात ते सतरा वर्षांच्या १,०६८ मुलांच्या घरच्यांना दिली होती. त्याचा अहवाल २०२० साली आला. ३७० घरांनी औषधं निवडली, म्हणजे तीन घरांमागे एकानं. त्यांच्यातही तुमच्यासारखे घाबरलेले असणारच. वर्षभरानंतर यातल्या सुमारे ६७ टक्के मुलांना ऑपरेशन लागलेलं नव्हतं. आजारपणात मोडलेले दिवस मोजले तर औषध घेतलेल्या मुलांचे सरासरी ६.६ भरले आणि ऑपरेशन झालेल्यांचे १०.९. तेव्हा निदान "असं कुणी करतं का?" या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे आहे.

आता मामांचं बघू, कारण त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. २०२५ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'मध्ये याच विषयावरचा मोठा अभ्यास आला. अमेरिका, कॅनडा, फिनलंड, स्वीडन आणि सिंगापूर इथली अकरा बालरुग्णालयं, पाच ते सोळा वर्षांची ९३६ मुलं, आणि कुणाला औषध, कुणाला ऑपरेशन हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं. वर्षभरात औषधांच्या गटात ३४ टक्के मुलांचा उपचार फसला, ऑपरेशनच्या गटात ७ टक्के. त्या डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं की ठरवलेल्या मापानं औषधं ऑपरेशनच्या तोडीला उतरली नाहीत. मामांनी मोबाइलवर वाचलं असेल ते बहुधा हेच.

पण त्याच कागदावर आणखीही काही आहे. दोन्ही गटांत एकही मूल दगावलं नाही. औषध घेतलेली मुलं लवकर शाळेत गेली आणि त्यांना दुखण्याच्या गोळ्या कमी लागल्या. ऑपरेशनच्या गटातले ते ७ टक्के म्हणजे मुख्यतः अशी मुलं, ज्यांचं अपेंडिक्स काढल्यावर तपासलं तर चांगलं निघालं. आणि औषधांचं 'फसणं' म्हणजे काय? तर पुढं कधीतरी ऑपरेशन करावं लागणं. जे फेब्रुवारीत होणार होतं ते जुलैत झालं, याला फसणं म्हणायचं की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मला विचाराल तर ते ऑपरेशन वेळेवर झालं असेल तर मी त्याला फसणं म्हणणार नाही. 'वेळेवर' या अटीकडं मी थोड्या वेळानं येते, कारण तुमचा खरा प्रश्न तिथंच आहे.

सासूबाईंना एक गोष्ट सांगा. १२ जानेवारी १९२४ ला पुण्याच्या ससूनमध्ये गांधीजींचं अपेंडिक्स काढलं. येरवड्याच्या तुरुंगातून त्यांना तिथं हलवलं होतं. कर्नल मॅडॉक ऑपरेशन करत असताना वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात उरकावं लागलं. पेनिसिलिनचा शोध लागायला तेव्हा अजून चार वर्षं अवकाश होता, त्यामुळं दुसरा पर्यायच नव्हता. 'अपेंडिक्स म्हणजे ऑपरेशन' हे समीकरण त्या काळापासून आपल्या मनात बसलंय. १९५० च्या दशकात इंग्लंडमधल्या एका सर्जननं चारशेहून जास्त रुग्णांना नुसत्या अँटिबायोटिकवर बरं करून पाहिलं होतं, पण सर्जन मंडळींनी तिकडं फारसं लक्ष दिलं नाही. आता साठ-सत्तर वर्षांनी तोच विचार नीट मोजमाप करून परत आलाय. म्हणजे तुमच्या मुलावर झाला तो काही अर्धवट, तात्पुरता इलाज नव्हता. आणि ऑपरेशन म्हणजे पोराच्या पोटाला सुरी लावण्याचं पापही नाही. उद्या गरज पडली तर सासूबाईंनी आडवं येऊ नये म्हणून एवढं लिहिलं.

पेरू आणि बोरं खाऊ द्या हो त्याला. अपेंडिक्सचं तोंड बहुतेक वेळा मळाच्या कणानं नाहीतर आतल्या सुजेनं बंद होतं. बी अडकून ते सुजल्याचं क्वचित कुठं सापडतं, पण त्यापायी फळं बंद करण्यात काही अर्थ नाही. बियांचंच भय असेल तर तासगावच्या द्राक्षांनी कुणाचं काही बिघडत नाही, त्यांत त्या नसतातच.

आता एक काम करा. डिस्चार्ज कार्ड आणि सोनोग्राफीचा रिपोर्ट काढून समोर ठेवा. तुमच्या पत्रात रिपोर्टबद्दल फक्त 'सूज' एवढंच आहे, तेवढ्यावर भागत नाही. अपेंडिक्सची जाडी किती लिहिली आहे ते बघा. मी सांगितलेल्या अमेरिकन अभ्यासात ११ मिलिमीटरपेक्षा जाड अपेंडिक्सच्या आणि ४८ तासांहून जास्त दुखत असलेल्या मुलांना औषधांच्या वाटेनं नेलंच नव्हतं. पू किंवा गोळा झाला होता का, तेही बघा. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे 'फिकॅलिथ' किंवा 'अपेंडिकोलिथ' हा शब्द कुठं आहे का. तो म्हणजे अपेंडिक्समध्ये घट्ट झालेला मळाचा खडा. तुम्हाला वाचता आलं नाही तर गावातल्या डॉक्टरांना दाखवा. खडा असलेल्या मुलांना औषधांवर ठेवण्याचा एक छोटा अभ्यास झाला होता, तो मध्येच थांबवावा लागला. औषध दिलेल्या पाचांपैकी तिघांना शेवटी ऑपरेशन लागलं. तुमच्या मुलाच्या रिपोर्टात खडा असेल, तर माझं यापुढचं सगळं बाजूला ठेवा, मामांचं ऐका आणि सुटीत ऑपरेशनची तारीख घ्या.

खडा नाही असं धरून पुढं लिहिते.

टाइमबॉम्बची भाषा मला पटत नाही. बॉम्ब आधी काही न सांगता फुटतो. अपेंडिक्स सांगतं: बेंबीजवळ दुखतं, मग उजवीकडं सरकतं, भूक मरते, ताप येतो. पहिल्या दुखण्यापासून फुटण्यापर्यंत बहुतेक मुलांमध्ये चांगले एक-दोन दिवस जातात. लहानग्यांत, म्हणजे पाच वर्षांच्या आतल्या पोरांत, हे फार झपाट्यानं होतं आणि त्यांना धड सांगताही येत नाही. म्हणून इतक्या लहान मुलांच्या आईवडिलांनी या पत्रावरून आपल्या लेकराचा निर्णय अजिबात घेऊ नये. अकरा वर्षांच्या मुलाला मात्र सांगता येतं. आणखी एक: वर्षभरात ऑपरेशन लागलेल्या त्या तेहतीस-चौतीस टक्क्यांत दवाखान्यात असतानाच औषधांना दाद न दिलेली मुलंही मोजलेली आहेत. तुमचा मुलगा तो टप्पा केव्हाच ओलांडून आला. त्याची जोखीम आता त्या आकड्यापेक्षा कमी आहे, पण संपलेली नाही. हा त्रास परत उठला तर पहिल्या वर्षात उठण्याची शक्यता जास्त, आणि पुढची काही वर्षंही ती थोडी थोडी राहते.

पण हे आकडे जिथून आलेत तिथली घरं कशी होती? दवाखाना हाताशी, रात्री फोन केला तर उचलणारं कुणीतरी, आणि आईवडिलांना पढवून ठेवलेलं की दुखलं तर तडक या. तुमच्या गावाहून मिरजेला तीन तास. मिरजेला दवाखान्यांची वाण नाही, वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं रुग्णालय काढलं तेव्हापासून कर्नाटकातूनही लोक तिथं येतात. पण पोचेपर्यंतचे तास कुणी कमी केलेले नाहीत. दुसरं, आपल्याकडं आतड्यातले जंतू नेहमीच्या अँटिबायोटिक्सना तिकडच्यापेक्षा जास्त निगरगट्ट झालेत. त्यामुळं परदेशातला ६७ चा आकडा जतला जसाच्या तसा लागू होईल असं मी म्हणणार नाही.

मग काढून टाकावं का? थांबा, आधी तालमीकडं येऊ.

वस्तादांचं टाक्यांबद्दलचं मत चुकीचं आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनला पोटावर तीन बारीक छिद्रं पडतात. जुन्या पद्धतीनं उजवीकडं छेद घेतला तरी स्नायू आडवे कापत नाहीत, त्यांच्या धाग्यांच्या दिशेनं फाकवतात, आणि ते परत जुळतात. जखम नीट भरली की जोर-बैठका, दोरी, कुस्ती, सगळं करता येतं. साधारण महिना-दीड महिना मातीत उतरायचं नाही, नेमके दिवस सर्जन सांगतील. तेव्हा टाक्यांच्या भीतीपायी ऑपरेशन टाळू नका, आणि तालमीची तारीख गाठायची म्हणून घाईनं करूही नका.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. सांगलीत मी लहान मुलांची डॉक्टर म्हणून काम केलं, आणि तालमीतून आणलेली पोरं मला आल्याआल्या कळायची. ती रडत नाहीत. पोट दाबलं की दात आवळतात आणि "काय नाय" म्हणतात. त्यांना शिकवलेलंच तसं असतं. कानाची पाळी सुजली तरी गप्प, ढोपर फुटलं तरी गप्प, आणि जो दुखतंय म्हणतो तो रड्या. कुस्तीसाठी ते ठीक असेल. माझा त्या शिस्तीवर राग नाही, आमच्या जिल्ह्याचं नाव त्याच पोरांनी मोठं केलंय. पण औषधांवर बऱ्या झालेल्या अपेंडिक्सचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे: दुखलं की मुलानं सांगायचं आणि मोठ्या माणसानं ते खरं मानायचं. फेब्रुवारीत तुमचं पोर रात्री उठून तुमच्याकडं आलं आणि तुम्ही दिराला उठवलंत, म्हणून तीन तासांचं अंतर असूनही ते वेळेत पोचलं. कोल्हापुरात तालमीपासून मोठा दवाखाना रिक्षानं पंधरा मिनिटांवर असेल. पण एका खोलीत ओळीनं झोपलेल्या पोरांत नव्यानं आलेलं अकरा वर्षांचं मूल पहिल्या महिन्यात मध्यरात्री वस्तादांना उठवून "पोटात दुखतंय" म्हणेल? की सकाळची मेहनत चुकवायला बघतोय असं कुणी म्हणेल या धाकानं पाय पोटाशी घेऊन पडून राहील? तुमच्या घरात ऑपरेशनवर इतका वाद झाला, पण हे कुणी विचारल्याचं पत्रात दिसत नाही.

म्हणून माझं मत असं: सुटीत घाईघाईनं ऑपरेशन करू नका आणि जूनमध्ये त्याला राहायलाही पाठवू नका. एक वर्ष जाऊ द्या. पहिलं वर्ष जास्त जोखमीचं असतं, तेवढं तुमच्या नजरेसमोर निघू दे. गावात किंवा जवळपास तालीम असेल तर संध्याकाळी जाऊन घरी येऊ दे. अकराव्या वर्षी एक हंगाम मागं पडल्यानं कुणाची कुस्ती संपत नाही. वर्ष निर्धोक गेलं तर पुढच्या जूनमध्ये पाठवायला माझी हरकत नाही. मधे कधी उठलंच, तर मिरज, सर्जन, आणि त्या वेळी बहुधा ऑपरेशन. दुसऱ्यांदा उठल्यावरही परत औषधांचाच आग्रह धरण्यात फारसा फायदा नाही.

तुमच्या मिस्टरांनी तालमीत जागा धरली असेल, पैसे भरले असतील, आणि ते कशालाच ऐकत नसतील, तर मात्र माझं पारडं बदलतं. दुखणं लपवायला शिकवणाऱ्या जागी मूल राहणारच असेल, तर ठरवून केलेलं ऑपरेशन हा शहाणपणाचा पर्याय होतो. मग ते सुटीच्या सुरुवातीला करा, म्हणजे जून उजाडेपर्यंत भरून येईल. त्यातही भूल, जखम चिघळणं, पुढं कधीतरी आतडी एकमेकांना चिकटणं, असे थोडे धोके आहेतच. सुजलेलं नसलेलं अपेंडिक्स काढताना हे धोके घ्यायचे का, हे सर्जनशी बोलून ठरवा. खर्चाचं म्हणाल तर योजनेच्या दवाखान्यात महात्मा फुले जनआरोग्य योजनेचा आरोग्यमित्र बसलेला असतो. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आपल्या केसला योजना लागू होते का, ते ॲडमिट होण्याआधी विचारा. नंतर विचारलं की हेलपाटे वाढतात.

आणि नुसत्या काळजीपोटी काढायचं का, असं विचाराल तर स्वीडनमधल्या एका छोट्या अभ्यासाची हकीगत सांगते. तिथं औषधांवर ठेवलेल्या चोवीस मुलांपैकी सहा जणांचं अपेंडिक्स पहिल्या वर्षात काढलं, कुणाचं पोट परत परत दुखतं म्हणून, तर एकाचं आईवडिलांनी हट्ट धरला म्हणून. काढलेले तुकडे तपासले तर त्या सहांपैकी एकातही अपेंडिक्सची सूज सापडली नाही. मुलांचं पोट शंभर कारणांनी दुखतं. एकदा अपेंडिक्स होऊन गेलं की घरच्यांना दर वेळी तेच दिसतं.

तेव्हा ओळखायचं कसं, ते सगळ्याच वाचकांसाठी लिहिते. लग्नातल्या जेवणानंतर दुखलं, शौचाला जाऊन आल्यावर थांबलं, पोरगं पुन्हा खेळायला पळालं, तर राहू द्या. पण दुखणं चार-सहा तास हटत नाही, बेंबीकडून उजवीकडं खाली सरकतंय, आवडीचा पदार्थ समोर ठेवला तरी नको म्हणतोय, वाकून चालतोय, तर निघा. त्याला उजव्या पायावर लंगडी घालायला सांगा. कळवळून थांबला तर अजिबात वेळ घालवू नका. गाडीत बसल्यावर गतिरोधकाकडंही लक्ष असू दे. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी २०१२ साली अपेंडिक्सच्या शंकेनं आलेल्या मोठ्या माणसांना विचारलं होतं की येताना गतिरोधकावर पोटात दुखलं का. ज्या ३४ जणांना खरंच अपेंडिक्स निघालं त्यातले ३३ जण हो म्हणाले होते. इतर कारणांनी दुखणारेही पुष्कळ जण हो म्हणतात, म्हणून हा काही पुरावा नव्हे. पण आपल्या रस्त्यांवर ही तपासणी फुकटात आणि वारंवार होते. आणि एक फसवी खूण: खूप दुखत असताना अचानक आराम पडला आणि तासा-दोन तासांत सगळं पोट दुखायला लागलं, तर बरं वाटलं म्हणून माघारी फिरू नका. ते फुटल्याचं लक्षण असू शकतं. मुलगी बारा-तेरा वर्षांची असेल तर उजवीकडच्या दुखण्याला अंडाशयाला पीळ पडणं हेही कारण असतं, आणि तिथंही तासांचाच हिशेब असतो. "पाळीचं असेल" म्हणून तिला झोपवून ठेवू नका.

घरात काय करायचं नाही तेही सांगते, कारण आपल्याकडं घोळ तिथंच होतो. "नळ भरलेत" म्हणून पोट चोळून घ्यायचं नाही. एरंडेल नाही, जुलाबाची गोळी नाही. दुखण्याची एखादी साधी गोळी दिली म्हणून डॉक्टरांना निदान करता येत नाही असं नाही, पण गोळीवर गोळी देत रात्र काढायची नाही. निघाल्यावर वाटेत खायला घालू नका, ऑपरेशन लागलं तर भुलेसाठी पोट रिकामं लागतं.

आणि हे खास तुमच्यासारख्यांसाठी, ज्यांचं मूल एकदा औषधानं बरं झालंय: डिस्चार्ज कार्डावरचं गोळ्यांचं नाव बघून मेडिकलमधून तीच पट्टी आणायची नाही. मनात हे येतंच, "मागच्या वेळी याच गोळीनं बरं वाटलं होतं." मागच्या वेळी त्याला आधी शिरेतून औषध गेलं, आणि सर्जन दर काही तासांनी पोटावर हात ठेवून बघत होते, बिघडलं असतं तर तिथल्या तिथं ऑपरेशन झालं असतं. घरी दोन-चार गोळ्या दिल्या की ताप उतरतो, दुखणं थोडं दबतं, आणि आत पू होत राहतो. मुलांच्या अपेंडिक्सवरचा अँटिबायोटिकचा उपचार हा दवाखान्यातला उपचार आहे. दुखणं अंगावर काढून मिरजेला यायला आणखी दोन दिवस लावलेत तर निवड करायला काही शिल्लक राहत नाही.

आता "तू एकटीनं कसं ठरवलंस?" याबद्दल. मिस्टरांना सरळ सांगा की त्या सकाळी फोन लागला असता तर विचारलंच असतं. तुमच्या मिस्टरांचा राग, मला वाटतं, निर्णयावर कमी आणि आपण तिथं नव्हतो यावर जास्त आहे. गाडीवर असणाऱ्या बापाला ही रुखरुख लागते. म्हणून पुढच्या वेळचं दोघांनी मिळून आत्ताच ठरवा: रात्री दुखलं तर गाडी कुणाची, पैसे कुठं ठेवलेत, फोन लागला नाही तर सही कोण करणार. हे एका कागदावर लिहा आणि दीर-जावेलाही दाखवा. रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्डाचे फोटो तुमच्या, त्यांच्या आणि मामाच्या मोबाइलमध्ये असू द्या. पुढच्या वर्षी तालमीत पाठवाल तेव्हा त्याची झेरॉक्स वस्तादांच्या हातात द्या आणि मुलाच्या समोर त्यांना सांगा, "यानं पोटात दुखतंय म्हटलं तर ते नाटक समजायचं नाही." समोर सांगा म्हणजे मुलाला कळतं की बोलायला परवानगी आहे.

मुलाला या सगळ्यात कुणी काही विचारल्याचं पत्रात नाही. अकरा वर्षांच्या पोराला अपेंडिक्स म्हणजे काय हे पाच मिनिटांत समजतं. त्याला तालमीत जायचंय का, हेही विचारा.

सुटी लागायच्या आत मिरजेच्या त्याच सर्जनची एकदा वेळ घ्या. परत सोनोग्राफी लागेल का, त्याचं अपेंडिक्स किती जाड होतं, खडा होता का, आत्ता काढण्याबद्दल त्यांचं स्वतःचं मत काय, एवढं विचारायचं आहे. जाताना मुलाच्या वडिलांना बरोबर न्या, आणि प्रश्न त्यांनाच विचारू द्या.